‘कपाटात’ आणि ‘कपाटातील’ : इंग्रजी वाक्यात एकापाठोपाठ येणाऱ्या प्रिपोझिशनल फ्रेजा

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण नुकतेच न्यायालयीन कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करू लागला आहात आणि एका पंचनाम्यातील पुढील वाक्यावर अडला आहात : ‘दिनांक १२ जून रोजी सकाळी १० वाजता दोन पंचांसमक्ष आरोपीच्या घरातील मागील खोलीतील लोखंडी कपाटातील मधल्या कप्प्यातून रोख रक्कम असलेली पिशवी जप्त करण्यात आली.’ त्याचे इंग्रजी आपण असे केले आहे : ‘ऑन ट्वेल्फ्थ जून ॲट टेन इन द मॉर्निंग इन द प्रेझेन्स ऑफ टू पंचेस फ्रॉम द हाउस ऑफ द अक्यूज्ड इन द बॅक रूम इन द आयर्न कपबोर्ड फ्रॉम द मिडल शेल्फ अ बॅग विथ कॅश वॉज सीझ्ड.’ आपल्याला शाळेत शिकवले होते की एका वाक्यात दोनपेक्षा अधिक प्रिपोझिशनल फ्रेजा, म्हणजे ‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’ यांसारख्या शब्दाने (प्रिपोझिशनने) सुरू होणारे शब्दसमूह, घालू नयेत. येथे मोजून अकरा झाल्या आहेत. त्यामुळे आपण तीन गोष्टी विचारता : संख्येला काही मर्यादा आहे काय, क्रमाचा नियम कोणता, आणि मध्ये स्वल्पविराम द्यायचे की नाहीत.

उच्च न्यायालयात जाणाऱ्या मराठी कागदांचे इंग्रजी करण्याचे काम मी गेली २६ वर्षे करीत आहे, आणि पंचनामा हा त्यातला सर्वांत अधिक वेळा हातात येणारा प्रकार आहे. म्हणून आधीच सांगतो की आपले तिन्ही प्रश्न योग्य असले, तरी खरी अडचण त्यांच्या पलीकडे आहे. संख्या अकरा झाली म्हणून आपले वाक्य बिघडलेले नाही. यातली प्रत्येक फ्रेज कोणाला चिकटली आहे, नामाला की क्रियापदाला, आणि नामाला असेल तर नेमकी कोणत्या नामाला, हे इंग्रजी वाचणाऱ्याला आपल्या वाक्यातून कळत नाही. किंबहुना जे कळते ते चुकीचे कळते. इंग्रजीत नामामागून आलेली फ्रेज साधारणपणे आपल्या लगेच आधीच्या नामाला बिलगते. त्या सवयीने आपले वाक्य वाचले तर आरोपी मागच्या खोलीत आहे आणि मागची खोली लोखंडी कपाटात आहे, असा अर्थ निघतो.

हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी आपल्याच भाषेतील एका साध्या गोष्टीकडे पाहावे लागेल. मराठीत ‘कपाटात’ आणि ‘कपाटातील’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘कपाटात’ हा क्रियापदाकडे जातो आणि क्रिया कोठे घडली ते सांगतो. ‘कपाटातील’ हा नामाकडे जातो आणि कोणती वस्तू ते सांगतो. बोलताना आपण ‘कपाटातला’ म्हणतो, लिहिताना ‘कपाटातील’. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलावरील’, ‘सोमवारी’ आणि ‘सोमवारचा’, ‘घराजवळ’ आणि ‘घराजवळील’ या सगळ्या जोड्यांत हाच भेद आहे. तो आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की आपण भेद करीत आहोत याची जाणीवही होत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी एकच ‘इन द कपबोर्ड’ आहे. ‘द ऑफिसर एक्झॅमिन्ड द पेपर्स इन द कार’ या वाक्यात अधिकाऱ्याने गाडीत बसून कागद तपासले की गाडीत असलेले कागद तपासले, हे शब्दांवरून ठरत नाही. मराठीत ‘गाडीत कागद तपासले’ आणि ‘गाडीतील कागद तपासले’ यांत घोटाळ्याला जागाच नाही. म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना आपण एक खूण हातातून सोडून देतो. ती खूण गेल्यावर इंग्रजीकडे उरते ते मुख्यतः शब्दांचे स्थान, आणि म्हणूनच इंग्रजीत फ्रेज कोठे ठेवली याला एवढे महत्त्व येते.

दुसरा भेद दिशेचा आहे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे ‘-तील’ आणि ‘-च्या’ यांची साखळी मोठ्याकडून लहानाकडे उतरते : आरोपी, घर, खोली, कपाट, कप्पा. इंग्रजीत प्रिपोझिशनल फ्रेज नामाच्या मागून येते, त्यामुळे तीच साखळी लहानाकडून मोठ्याकडे चढते : कप्पा, कपाट, खोली, घर, आरोपी. आरशात पाहावे तसे हे आहे. म्हणून पंचनाम्यातील असली साखळी मी नेहमी शेवटाकडून वाचतो. क्रियापदाला लागून असलेला ‘कप्प्यातून’ हा शब्द आधी घ्यायचा आणि तेथून एकेक पायरी मागे जायचे : ‘फ्रॉम द मिडल शेल्फ ऑफ ॲन आयर्न कपबोर्ड इन द बॅक रूम ऑफ द हाउस ऑफ द अक्यूज्ड’. येथे पाच फ्रेजा एकापुढे एक आल्या आहेत, तरी वाचणारा कोठेही अडखळत नाही, कारण प्रत्येक फ्रेज तिच्या लगेच आधीच्या नामाचीच आहे. आपण मात्र मराठीचा क्रम तसाच ठेवून प्रत्येक शब्दाला पुढे एक प्रिपोझिशन लावले, आणि त्यामुळे ‘फ्रॉम’ही दोनदा आला. मूळ मराठीत ‘-ऊन’ हा प्रत्यय एकदाच आहे, हे पाहिले असते तरी शंका आली असती.

जाता जाता एक गंमत. पाकिटावर पत्ता लिहिताना आपण मराठी माणसेही लहानाकडून मोठ्याकडे जातो : मु. पो. मेणवली, ता. वाई, जि. सातारा. तेच बोलायला गेलो की ‘सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातील मेणवली गावातील नाना फडणविसांचा वाडा’ असे उलट्या बाजूने उतरतो. इंग्रजी साखळीचा क्रम लक्षात राहत नसेल तर पाकिटावरचा पत्ता आठवावा, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगतो. गावांच्या बाबतीत इंग्रजी तर पाकिटासारखेच लिहिते : ‘इन मेणवली, वाई तालुका, सातारा डिस्ट्रिक्ट’. पुन्हा पुन्हा ‘इन’ घालावा लागत नाही, स्वल्पविरामच ते काम करतो.

आता संख्येचा प्रश्न. आपल्या शिक्षकांनी दोनची मर्यादा सांगितली ती व्याकरणाचा नियम म्हणून सांगितली असेल तर ती चूक आहे. सावधगिरी म्हणून सांगितली असेल तर तिच्यामागे पक्के कारण आहे. संगणकाला इंग्रजी वाक्ये समजावीत म्हणून प्रयत्न करणाऱ्या केनेथ चर्च आणि रमेश पाटील या दोघा संशोधकांनी १९८२ मध्ये एका निबंधात हे कारण आकड्यांनी दाखवले. त्यांचे उदाहरण होते ‘पुट द ब्लॉक इन द बॉक्स ऑन द टेबल’. या वाक्याची रचना दोन प्रकारे लावता येते, आणि मराठीत ती दोन निरनिराळी वाक्ये होतात : ‘टेबलावरील खोक्यात ठोकळा ठेवा’ आणि ‘खोक्यातील ठोकळा टेबलावर ठेवा’. शेवटी आणखी एक ‘इन द किचन’ जोडला की रचना पाच होतात. आता ‘स्वयंपाकघरातील टेबलावरील खोक्यात ठोकळा ठेवा’ हेही बसते, ‘खोक्यातील ठोकळा स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवा’ हेही बसते आणि ‘टेबलावरील खोक्यातील ठोकळा स्वयंपाकघरात ठेवा’ हेही बसते. उरलेल्या दोन रचना अर्थाने यांच्याच जवळच्या आहेत. त्यापुढे आणखी एक फ्रेज आली की चौदा, आणखी एक आली की बेचाळीस. गणितात या आकड्यांना कॅटलान संख्या म्हणतात. वाढ बेरजेने होत नाही, ती भराभर फुगत जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी आपल्या कामापुरते पुरे आहे.

मग माणसे गोंधळत का नाहीत? कारण माणूस जग पाहून वाचतो. स्वयंपाकघर टेबलावर नसते हे त्याला माहीत असते, म्हणून बेचाळीसपैकी बहुतेक अर्थ त्याच्या डोक्यात येतच नाहीत. येथेच परिस्थितीचा प्रश्न येतो आणि सरसकट उत्तर देता येत नाही. गोष्टीत, बातमीत किंवा मित्राला लिहिलेल्या पत्रात दोन अर्थ निघत असले तरी आजूबाजूची वाक्ये वाचणाऱ्याला योग्य अर्थाकडे नेतात, आणि तेथे फार चिकित्सा करीत बसलो तर भाषा ताठर होते. पंचनामा, जबाब, खरेदीखत, नोटीस यांची गोष्ट निराळी आहे. हे कागद वाचणाऱ्यांपैकी एक जण असा असतो की ज्याचे कामच दुसरा अर्थ शोधण्याचे असते. तो समोरच्या पक्षाचा वकील असतो, आणि दुसरा अर्थ शोधण्यात त्याचे काही चुकत नाही.

मी स्वतः हे ठेच लागून शिकलो. कामाला लागून वर्षही झाले नव्हते तेव्हा मारहाणीच्या एका प्रकरणातील जबाब माझ्याकडे आला होता. मूळ वाक्य होते, ‘त्याने काठी असलेल्या इसमास मारले.’ मी बेधडक लिहिले, ‘ही हिट द मॅन विथ अ स्टिक.’ मी ज्या ज्येष्ठ वकिलांकडे काम करीत होतो त्यांनी कागद दाखल होण्यापूर्वी तो वाचला आणि मला बोलावून एवढेच विचारले, “काठी कोणाच्या हातात होती?” माझ्या इंग्रजीत ती मारणाऱ्याच्या हातात गेली होती. मूळ जबाबात ती मार खाणाऱ्याच्या हातात होती, आणि बचावाचा सगळा मुद्दा तेवढ्यावर उभा होता. त्या दिवसापासून ‘विथ’ लिहिताना माझा हात थोडा थांबतो. मराठीत ‘काठीने’, ‘काठीसह’ आणि ‘काठी असलेला’ अशी तीन रूपे आहेत, तर ‘विथ’ हा एकटा शब्द ही तिन्ही कामे करतो. त्यामुळे ‘असलेला’ असेल तेथे मी शक्यतो ‘विथ’ टाळतो आणि ‘होल्डिंग’, ‘कॅरिंग’, ‘कंटेनिंग’ यांसारखे रूप घेतो. आपल्या वाक्यातही ‘अ बॅग विथ कॅश’ऐवजी ‘अ बॅग कंटेनिंग कॅश’ करावे, कारण ‘विथ कॅश वॉज सीझ्ड’ असे सलग वाचले तर पिशवी आणि रोख रक्कम वेगवेगळ्या होत्या, पिशवीबरोबर रक्कमही जप्त झाली, असाही समज होऊ शकतो.

‘बाय’चेही असेच आहे. ‘द नोटिस वॉज सर्व्ड बाय द बेलिफ बाय हँड’ यात पहिला ‘बाय’ म्हणजे ‘बेलिफाकडून’ आणि दुसरा म्हणजे ‘हस्ते’. त्यात ‘बाय फ्रायडे’ आला की तिसरा ‘शुक्रवारपर्यंत’ होतो. अर्थ बिघडत नाही, पण कानाला खटकते. तेथे कर्तरी वाक्य करून पहिला ‘बाय’ काढून टाकणे हा सोपा उपाय आहे.

आता क्रमाकडे येऊ. अकरा फ्रेजांना अकरा सुट्या वस्तू समजू नका, आधी त्यांच्या मोळ्या बांधा. आपल्या वाक्यात मुळात तीनच मोळ्या आहेत : केव्हा, कोणासमक्ष, आणि कोठून. मोळीच्या आत जी साखळी असते तिचा क्रम पक्का आहे, तो वर सांगितला. तेथे लेखकाला निवड नाही. मोळ्या मात्र तिन्ही क्रियापदाच्या आहेत, म्हणून त्यांचा आपसातील क्रम बराच मोकळा आहे. शाळेत शिकवतात तो ‘रीत, मग स्थळ, मग काळ’ हा नियम या मोळ्यांपुरता आहे, साखळीला तो लागू नाही. आपण हा नियम साखळीला लावू पाहिला असावा, म्हणूनच ‘स्थळांमध्ये आधी कोणते’ हा प्रश्न पडला. ‘शी स्पोक विथ ग्रेट कॅल्मनेस इन द कोर्ट ऑन मंडे’ येथे तो नियम सरळ चालतो. जाण्यायेण्याची क्रिया असेल तर स्थळ पुढे सरकते : ‘ही वेंट टू सातारा बाय बस ऑन मंडे’. कारण ‘जाणे’ या क्रियेला ‘कोठे’ याची गरज अधिक असते.

ही गरज हाच माझ्या मते खरा पहिला नियम आहे. काही क्रियापदे आपले प्रिपोझिशन बरोबर घेऊनच येतात : ‘पुट’ला ‘इन’ किंवा ‘ऑन’ हवा, ‘अक्यूज’ला ‘ऑफ’ हवा, ‘रिलाय’ला ‘ऑन’ हवा, ‘सीझ’ला बहुधा ‘फ्रॉम’ हवा. ती फ्रेज क्रियापदाच्या शक्य तितकी जवळ ठेवावी, आणि जिच्यावाचून वाक्य पूर्ण होते अशी फ्रेज दूर पाठवावी. दुसरा नियम लांबीचा आहे. आखूड मोळी आधी आणि लांब मोळी शेवटी ठेवली की इंग्रजी वाक्य तोल धरते. ‘द ऑफिसर हँडेड ओव्हर द बॅग टू द मॅजिस्ट्रेट’ हे ठीक आहे. परंतु पिशवीऐवजी ‘द कीज ऑफ द कपबोर्ड इन द बॅक रूम ऑफ द हाउस’ असे लांबलचक कर्म असेल तर ‘टू द मॅजिस्ट्रेट’ हे शेवटी ठेवणे बरे नव्हे, कारण घरापासून मॅजिस्ट्रेटपर्यंत जाता जाता वाचणारा क्रियापद विसरतो. तेथे ‘हँडेड ओव्हर टू द मॅजिस्ट्रेट द कीज ऑफ द कपबोर्ड’ असा क्रम घ्यावा. एरवी तो विचित्र वाटला असता, पण कर्म लांब असल्यामुळे खपून जातो.

काळाच्या मोळीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बातम्यांत आणि जबाबांत सर्वांत जास्त घोटाळा तीच करते. नियमाप्रमाणे काळ शेवटी येतो, आणि शेवटी आलेली फ्रेज तिच्या शेजारच्या नामाला धरते. ‘ही गेव्ह अ स्टेटमेंट अबाउट द फायर ऑन मंडे’ यात आग सोमवारी लागली की जबाब सोमवारी दिला? मराठीत ‘सोमवारी आगीविषयी जबाब दिला’ आणि ‘सोमवारच्या आगीविषयी जबाब दिला’ असे सरळ दोन भाग पडतात. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ऑन मंडे’ वाक्याच्या आरंभी न्यावे, दुसऱ्यासाठी ‘मंडेज फायर’ किंवा ‘द फायर दॅट ब्रोक आउट ऑन मंडे’ लिहावे. मी न्यायालयीन कागदांत काळाची मोळी जवळजवळ नेहमीच आरंभी नेतो. तेथे तिच्या आधी कोणतेही नाम नसते, त्यामुळे ती चुकीच्या जागी चिकटण्याची भीती राहत नाही. मात्र आरंभी एक, फार तर दोन आखूड मोळ्या ठेवाव्यात. आपण सगळ्याच मोळ्या आरंभी रचल्या आहेत, कारण मराठीत क्रियापद शेवटी असते आणि सगळे काही त्याच्या आधी मावते. इंग्रजी वाचणारा ‘अ बॅग’ येईपर्यंत दहा फ्रेजा हातात घेऊन उभा राहतो, आणि त्या कोठे ठेवायच्या ते त्याला कळत नाही.

तारीख आणि वेळ यांचा आपसातील क्रम विचाराल तर ‘ॲट १० ए. एम. ऑन १२ जून’ हा रूढ आहे, पण ‘ऑन १२ जून ॲट १० ए. एम.’ हेही चूक नाही. दोन्ही फ्रेजा क्रियापदाच्या आहेत, एक दुसरीच्या पोटात नाही, म्हणून अदलाबदल चालते. कपाट आणि खोली यांची अशी अदलाबदल करून पाहा, म्हणजे साखळी आणि मोळी यांतला फरक आपोआप कळेल.

आता आपले वाक्य पुन्हा लिहू. माझा पहिला मसुदा असा झाला : ‘ॲट १० ए. एम. ऑन १२ जून, अ बॅग कंटेनिंग कॅश वॉज सीझ्ड इन द प्रेझेन्स ऑफ टू पंचेस फ्रॉम द मिडल शेल्फ ऑफ ॲन आयर्न कपबोर्ड इन द बॅक रूम ऑफ द हाउस ऑफ द अक्यूज्ड.’ आखूड मोळी आधी, लांब मोळी शेवटी, म्हणजे नियम पाळला गेला. पण मोठ्याने वाचले तेव्हा ‘टू पंचेस फ्रॉम द मिडल शेल्फ’ असे कानावर आले, म्हणजे पंचच मधल्या कप्प्यातून बाहेर पडले! कोणी तसा अर्थ घेणार नाही हे खरे, तरीही ‘सीझ्ड’ आणि त्याचा ‘फ्रॉम’ यांच्यामध्ये पंच आणून बसवणे बरे नव्हे. ‘समक्ष’ची मोळी साखळीच्या शेवटी ठेवावी तर ती ‘अक्यूज्ड’ला चिकटते. म्हणून तीही आरंभी नेली : ‘ॲट १० ए. एम. ऑन १२ जून, इन द प्रेझेन्स ऑफ टू पंचेस, अ बॅग कंटेनिंग कॅश वॉज सीझ्ड फ्रॉम द मिडल शेल्फ ऑफ ॲन आयर्न कपबोर्ड इन द बॅक रूम ऑफ द हाउस ऑफ द अक्यूज्ड.’ मोजाल तर अजूनही नऊ फ्रेजा आहेत. अकराच्या नऊ झाल्या त्याही सहज झाल्या, संख्या कमी करण्यासाठी मी काही केलेले नाही.

शेवटी ‘ऑफ’ लागोपाठ दोनदा आला आहे तो खटकत असेल तर ‘इन द बॅक रूम ऑफ हिज हाउस’ करता येईल, पण ‘हिज’ म्हणजे कोण हे आधीच्या वाक्यात आलेले असले पाहिजे. ‘ऑफ’च्या लांब माळा तोडण्यासाठी नामे एकापुढे एक रचण्याची सवय सरकारी इंग्रजीत फार आहे. ‘द रिपोर्ट ऑफ द कमिटी ऑन द रिकव्हरी ऑफ लोन्स’ याचे ‘लोन रिकव्हरी कमिटी रिपोर्ट’ होते. एवढे ठीक आहे. त्याच्यापुढे आणखी दोन नामे आली की प्रिपोझिशनच्या गोंधळाऐवजी नामांचा गोंधळ होतो, आणि तेथे तर धरायला ‘ऑफ’सुद्धा उरत नाही.

स्वल्पविरामाचे उत्तर लहान आहे. साखळीच्या आत तो देऊ नये, कारण तो दिला की दुवा तुटतो. अपवाद वर सांगितलेल्या गाव-तालुका-जिल्हा या मांडणीचा. आरंभी नेलेल्या मोळीनंतर तो द्यावा. अर्थाचा सगळा भार मात्र स्वल्पविरामावर टाकू नये. ‘द ऑफिसर एक्झॅमिन्ड द पेपर्स, इन द कार’ असे लिहून आपण काही तरी सांगितले असे आपल्याला वाटते, पण टंकलेखक तो विराम गाळतो किंवा वाचणारा त्याकडे लक्ष देत नाही. त्यापेक्षा ‘द पेपर्स लाइंग इन द कार’ किंवा ‘व्हाइल सिटिंग इन द कार’ असे दोन शब्द अधिक खर्च करावेत.

इतके सगळे लिहिल्यावर कामाची पद्धत थोडक्यात सांगायची तर ती अशी की मूळ वाक्यातील ‘-त’ आणि ‘-तील’ वेगवेगळ्या रंगांनी खुणवावेत, ‘-तील’च्या साखळ्या उलट्या वाचाव्यात, ‘-त’च्या मोळ्या मोजाव्यात, आणि लिहून झाल्यावर प्रत्येक प्रिपोझिशनपाशी थांबून त्याच्या लगेच आधीचे नाम त्याचेच आहे काय ते पाहावे. नसेल तर फ्रेज हलवावी, हलवता येत नसेल तर क्रियापदाचे रूप आणावे, आणि तेही जमत नसेल तर वाक्य तोडून दोन करावीत. वाक्य तोडण्यात कमीपणा नाही. पंचनाम्यात मात्र मी ते शेवटी ठेवतो, कारण मूळ एक वाक्य आणि भाषांतरात दोन असे झाले की तुलना करणाऱ्याला नवी शंका येते.

मराठी प्रत्येक वेळी आपल्याला वाचवील असेही समजू नये. ‘मी त्याला रस्त्यावर पळताना पाहिले’ यात पळत कोण होते? आपण प्रश्नाच्या शेवटी जे दुसरे वाक्य दिले आहे ते याच जातीचे आहे : ‘साक्षीदाराने टेकडीवरील देवळाजवळ दुर्बिणीतून दोन इसमांना पाहिले.’ ‘टेकडीवरील’ देवळाचे आहे, त्यात शंका नाही. ‘दुर्बिणीतून’ क्रियापदाचे आहे, म्हणून ते ‘थ्रू बायनॉक्युलर्स’ करून ‘सॉ’च्या जवळ ठेवावे, ‘विथ’ केले तर दुर्बीण त्या दोन इसमांच्या हाती जाईल. अडचण ‘देवळाजवळ’ची आहे. ‘देवळाजवळील दोन इसमांना’ असे असते तर इसम तेथे होते हे ठरले असते. येथे ‘-ईल’ नाही, त्यामुळे साक्षीदार देवळाजवळ उभा होता असाही अर्थ होतो आणि इसम तेथे दिसले असाही होतो. दुर्बीण लागली त्या अर्थी दोघांत बरेच अंतर होते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणे कठीण आहे. ‘सॉ टू मेन थ्रू बायनॉक्युलर्स निअर द टेंपल ऑन द हिल’ असे लिहिले तर इंग्रजी वाचणारा बहुधा इसमांनाच देवळाजवळ उभे करील, आणि तो निर्णय आपण न सांगता घेतल्यासारखे होईल. जबाबाच्या आधीच्या ओळींत साक्षीदार कोठे उभा होता ते बहुतेक वेळा लिहिलेले असते. त्या ओळी वाचल्याशिवाय हे वाक्य हाती घेऊ नका. तेथेही काही सापडले नाही तर इंग्रजीत संदिग्धता तशीच ठेवा आणि मूळ मराठी वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात अशी टीप भाषांतरकार म्हणून खाली लिहा.